घरमालकाची सही

तायडे मॅडमच्या नववीच्या गणिताच्या पुस्तकात एक पान असं होतं, की पुस्तक टेबलावर ठेवलं की ते आपोआप तिथेच उघडायचं. अर्थनियोजनाचा धडा, आयकराचा तक्ता. दर फेब्रुवारीत अर्थसंकल्प झाला की दुसऱ्या दिवशी मॅडम पेपरातला नवा तक्ता कापून आणायच्या आणि डब्यातल्या भाताच्या चार शितांनी जुन्या तक्त्यावर चिकटवायच्या. डिंकाची बाटली ऑफिसात होती, पण ती मागायला गेलं की बाबूंचं रजिस्टर, सही आणि दहा प्रश्न. शितं आपल्या घरची. एकावर एक तक्ते बसून ते पान पापडासारखं कडक झालं होतं. एका वर्षी उंदरानं त्याचा कोपरा कुरतडला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "जाऊ द्या, त्यालेही थोडी सूट पाह्यजे."

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवतो, त्या गणित शिकवायच्या. माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठ्या. ठेंगण्या, चालायला झपाझप, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि हातात एक कापडी पिशवी जिच्यात वह्या, डबा आणि खडूचे तुकडे एकत्र नांदायचे. बरीच वर्षं त्यांनी बाळापूरहून एसटीनं ये-जा केली. कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसून वह्या तपासायच्या. त्यामुळे आमच्या शाळेतल्या पोरांच्या वह्यांवरच्या बरोबरच्या खुणा रस्त्यातल्या खड्ड्यांप्रमाणे लहानमोठ्या असत.

वर्गात त्या बिनदिक्कत वऱ्हाडी बोलत. मी तेव्हा शुद्ध भाषेचा भलताच अभिमानी होतो. पोरानं निबंधात 'मले' लिहिलं की माझं लाल पेन सुरू. मॅडम माझ्या टेबलावरच्या त्या रक्तबंबाळ वह्या पाहायच्या आणि विचारायच्या, की सर, लेकराच्या मायनं याले शिकवलेला प्रत्येक शब्द तुम्ही खोडला, आता याच्याजवळ उरलं काय? मी हसून वेळ मारून न्यायचो. मनातून राग यायचा.

आयकराच्या धड्याला परीक्षेत गुण थोडे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो दोन तासांत उरकतात. काही ठिकाणी तर 'घरी वाचून या' एवढ्यावरच त्याची बोळवण होते. मॅडम संक्रांत झाली की तो सुरू करायच्या आणि तीन आठवडे पुरवायच्या. आमच्याकडे येणारी निम्मी पोरं आजूबाजूच्या खेड्यांतली. दरवर्षी कोणी तरी उठून विचारायचंच, की आमच्या घरी शेती हाय, शेतीवर कर नाही, मंग हे आमी काऊन शिकायचं? मॅडमना हा प्रश्न फार आवडायचा. त्या विचारायच्या, तुझी माय काडीपेटी घेते ना, तिच्यावर ती कर भरते, तिला कोणी सांगितलं का? आणि मग म्हणायच्या, "आज तुह्या घरी नाही. उद्या तुह्या हातात पगार येईन, तवा कोणी तुले फसवाले नको."

त्यांच्या स्वतःच्या हातात पगार आला तेव्हाची गोष्ट आमच्या जुन्या शिपायानं मला सांगितली होती. मॅडमचे वडील तहसीलीत शिपाई होते. घरात कोणाच्या पगारातून कर कापला जाण्याचा प्रश्नच कधी आला नव्हता. नोकरीला लागल्यावर काही वर्षांनी एका फेब्रुवारीत मॅडमच्या पगारातून पहिल्यांदा काही रुपये कापले गेले. बाकीचा स्टाफ त्या दिवशी सुतकात असल्यासारखा बसला होता. ही बाई मात्र पेढ्यांचा पुडा घेऊन आली. कशाचे पेढे म्हणून विचारलं, तर म्हणाली, आमच्या सात पिढ्यांत मी पहिली. शिपाई हे सांगताना अजूनही हसतो, पण त्यातला एक पेढा त्यालाही मिळाला होता हे सांगायला विसरत नाही.

पुस्तकातली उदाहरणं मॅडमना आवडत नसत. त्यात एखादे श्री. अमुक असतात, त्यांचं उत्पन्न इतकं, बचत तितकी, कर काढा. मॅडमचं म्हणणं, हा माणूस बोलत नाही, याला काही विचारता येत नाही. "जित्ता माणूस पाह्यजे," म्हणून एका वर्षी त्यांनी स्वतःचं पगारपत्रकच फळ्यावर उतरवलं. मूळ वेतन, महागाई भत्ता, कपाती, सगळं. बातमी मधल्या सुट्टीच्या आत स्टाफरूममध्ये पोचली आणि एकच गहजब झाला. एकाचा पगार कळला की सगळ्यांचा कळला. आता पोरं आपल्याला काय समजतील, पालक काय म्हणतील, ट्यूशनवाले काय म्हणतील. मीही तावातावानं बोललो. मॅडमनी डब्यातली ज्वारीची भाकर मोडत सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आकडा लाजत नाही, सर. माणूस लाजते."

पुढल्या वर्षी त्यांनी आणखी पुढची मजल मारली. दोन-दोन पोरांच्या जोड्या पाडल्या आणि प्रत्येक जोडीला स्टाफमधला एक राजीखुशीचा माणूस दिला. पोरांनी त्याचा वर्षाचा कर काढायचा. त्यासाठी मॅडमनी हातानं आखलेला एक कागद होता, त्याला सगळे 'पत्रक' म्हणत. त्यावर डावीकडे बाब, मध्ये आकडा, आणि उजवीकडे एक रकाना: 'कोणाला विचारलं?' वजा करायची प्रत्येक गोष्ट ज्याच्याशी संबंधित, त्याला जाऊन विचारायचं आणि त्याची सही आणायची. विमा असेल तर पावती पाहायची, शाळेची फी असेल तर त्या मुलाला भेटायचं. सगळ्यात खाली एक मोकळी ओळ होती, 'टीप' म्हणून. जे आकड्यात बसत नाही ते तिथं लिहायचं. आणि वर मोठ्या अक्षरात मॅडमचं ब्रीदवाक्य, "आधी इचारा, मंग वजा करा."

सुरुवातीला शिपाई आणि चित्रकलेचे सर एवढेच तयार झाले. शिपायाचा कर शून्य आला, त्याला आनंद झाला की वाईट वाटलं ते त्यालाच ठरवता येईना. चित्रकलेच्या सरांकडे गेलेल्या पोरांनी विचारता विचारता शोधून काढलं, की सर मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाचं व्याज भरतात आणि त्याची सूट त्यांनी कधीच घेतली नाही. त्या वर्षी सरांचे बरेच पैसे वाचले. त्यानंतर पगाराची लाज एकाएकी ओसरली आणि मॅडमच्या पत्रकासाठी स्टाफरूममध्ये रांग लागली. त्या रांगेत मीही होतो. लोभानंच गेलो होतो, दुसरं कारण सांगण्यात अर्थ नाही.

इथं माझी एक गोष्ट सांगावी लागेल. जुन्या शहरात आमचं घर आहे, माझ्या वडिलांनी बांधलेलं. बाबा दालमिलमध्ये तीस वर्षं कामाला होते. त्या मजुरीतून त्यांनी खाली दोन खोल्या काढल्या, नंतर वर दोन चढवल्या. आई गेल्यावर बाबा खालच्या पुढच्या खोलीत राहायचे, मी, बायको आणि मुलगा वर. मिलमधून सुटल्यावर बाबांना पेन्शन नव्हती. पण त्यांना काही कमी पडू दिलं नाही असं मी छाती ठोकून सांगत असे. दोन वेळचं गरम जेवण, औषधं, दिवाळीला नवा सदरा. ते काही मागायचेच नाहीत, इतका समाधानी माणूस.

आणि दरवर्षी जानेवारीत, करात सूट मिळावी म्हणून, मी दुकानातून घरभाड्याच्या पावत्यांचं पुस्तक आणायचो. बारा पावत्या एका बैठकीत लिहायचो, महिन्यागणिक पेन बदलून. रसीद तिकीट लावायचो, आणि त्यावर घरमालक म्हणून बाबांची सही मीच ठोकायचो, हात थोडा कापरा करून. स्टाफमधले पुष्कळ जण असंच करायचे. कोणी सासऱ्याच्या नावानं, कोणी मोठ्या भावाच्या. यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटत नसे. घरभाडं भत्ता मिळतो तर भाडं दाखवायला नको का?

माझ्या वाट्याला प्रांजली आणि अंकुश ही जोडी आली. प्रांजली म्हणजे वर्गातली सगळ्यात चिकट पोरगी, एकदा प्रश्न धरला की सोडायची नाही. अंकुश मनानं मऊ, कोणी पडलं तर आधी तोच रडायचा. त्यांनी मला भाडं कोणाला देता म्हणून विचारलं. मी सहज सांगितलं, बाबांना. पावत्या दाखवल्या. प्रांजली म्हणाली की पत्रकावर सही लागेल. मी म्हटलं, पावतीवर आहे ना सही, ती जोड. तिनं मान हलवली आणि मी निर्धास्त झालो. पोरं मॅडमच्या हाताखालची आहेत हे मी विसरलो.

रविवारी सकाळी मी भाजी घेऊन घरी आलो तर दारात चपलांचे दोन लहान जोड. आत बाबांच्या खाटेवर प्रांजली आणि अंकुश चहात बिस्किटं बुडवून खात होते. बाबांच्या हातात पत्रक होतं. चष्मा नाकावर, पेन बोटांत. दारातूनच मला प्रांजलीचा आवाज ऐकू आला. ती विचारत होती, की आजोबा, सर तुमाले महिन्याचं भाडं देतात ना?

बाबांनी मान वर केली. मला पाहिलं. मग पोरांकडे वळून म्हणाले, "देते ना. एक तारखेले देते." आणि त्यांनी सही केली. बाबा मोठेपणी मिलमधल्या मुनीमजींकडून सही शिकले होते. एकेक अक्षर सुटं, ठसठशीत, जोर देऊन काढलेलं. पोरं नमस्कार करून गेली.

मी भाजीच्या पिशव्या हातातच धरून उभा होतो. बाबा खाटेवरची बिस्किटांची चुरी झाडत म्हणाले, "पोरायसमोर तुले खोटं कसं पाडू, विनू? मास्तर हायेस त्यायचा." आणि थोड्या वेळानं, "माह्या नावानं लिवाचं होतं तं लिवाचं होतं. एकडाव मले इचारलं असतं."

त्या दिवशी ते जेवले, पण नेहमीसारखी दुसरी भाकर घेतली नाही. मी वर गेलो. माझ्या बापानं आयुष्यात कोणाला खोटं सांगितलेलं मला आठवत नव्हतं, आणि सत्तरी उलटल्यावर ते सांगितलं ते माझ्या नोकरीच्या इभ्रतीसाठी, दोन चौदा वर्षांच्या पोरांपुढे.

सोमवारी मॅडमनी मला ऑफ तासाला प्रयोगशाळेत बोलावलं. त्यांच्यासमोर पत्रक होतं आणि त्याला टाचलेल्या माझ्या बारा पावत्या. पावत्यांवर माझी लफ्फेदार थरथरती सही, आणि पत्रकावर बाबांची सुटी, ठसठशीत. एखाद्या आंधळ्यालाही कळलं असतं. खाली टिपेच्या ओळीत अंकुशनं लिहिलं होतं: 'वर्षभर आजोबांचा हात थरथरत होता, आता बरा झाला आहे. त्यांना औषधाचा खर्च आला असेल. त्याची सूट सरांना मिळेल का?'

मॅडमनी ती ओळ मला मोठ्यानं वाचायला लावली. मी वाचली.

मला वाटलं आता त्या तोंडसुख घेतील. त्यांनी तसं काही केलं नाही. उलट विचारलं, की बाबा पैसे कोणाले मागतात? मी म्हटलं, ते मागतच नाहीत. "मागत नाहीत, का मागता येत नाही?" त्या म्हणाल्या. मग खिडकीबाहेर पाहत त्यांनी स्वतःच्या वडिलांचं सांगितलं. तहसीलीतून सुटल्यावर ते मॅडमकडेच राहिले. मॅडमनी त्यांना कपडेलत्ते, दवाखाना, कशाचं उणं पडू दिलं नाही. ते गेल्यावर शेजारच्या पानठेलेवाल्यानं सांगितलं, की म्हातारबा घरातली रद्दी गुपचूप विकून सुपारी घ्यायचे. पोरीपुढे हात पसरायला त्यांना जड जायचं. "पेढे वाटले मी कराचे," मॅडम म्हणाल्या, "अन् बापाच्या खिशात हात घालून पाह्यलं नाही. मी इचारलंच नाही, सर." त्यांचे डोळे भरले होते. त्यांना इतक्या वर्षांत मी कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि मला कुठं पाहावं ते कळेना.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा गणिताच्या बाई झाल्या. "दोन रस्ते हायत. ही ओळ कापा, नाही तं खरी करा. तिसरा नाही." मी चाचरत म्हटलं की या वर्षी तर पावत्या बाबूंकडे द्यायची वेळ आली, मुलाची क्लासची फी आहे, एवढा कर कापला तर फेब्रुवारीत घर कसं चालवू. मॅडम म्हणाल्या, यंदाची कापा, गेलेले महिने काही खरे होत नाहीत. खरी करायची तर एप्रिलपासून. आणि पोरांना तुम्हीच सांगायचं, मी सांगणार नाही.

ते सांगणं मला सगळ्यात अवघड गेलं. नववीच्या वर्गात मॅडम मागच्या बाकावर बसल्या आणि मी फळ्यापुढे उभा राहिलो. मी सांगितलं की मी बाबांना भाडं देत नव्हतो, पावत्या मीच लिहिल्या, माझं उदाहरण चुकीचं होतं, तुमचं गणित बरोबर आहे. मग प्रांजली उठली. तिला माझ्या पावत्यांचं काही नव्हतं. तिनं विचारलं, "मंग आजोबा खोटं काऊन बोलले?" मी मागच्या बाकाकडे पाहिलं. मागून मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ते आकड्यात बसत नाही. टिपेत लिव."

त्या फेब्रुवारीत माझा पगार इतका कापला गेला, की बायकोनं पगारपत्रक दोनदा उलटून पाहिलं. स्टाफरूममध्ये मला बावळट ठरवण्यात आलं. दोन-तीन जण मॅडमवर रागावले आणि पुढल्या वर्षी रांगेतून बाहेर पडले. मीही आठवडाभर त्यांच्याशी धड बोललो नाही. त्यांनी मात्र रोजच्यासारखी माझ्या डब्यातली आंबाडीची भाजी उचलली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या.

एक एप्रिलला मी एका पाकिटात भाड्याचे पैसे घालून बाबांच्या खाटेवर ठेवले. त्यांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, घरभाडं. त्यांनी पाकीट उघडलं नाही. ते उशीवर ठेवलं. मला वाटलं आता ते फेकून देतील. पण त्यांनी विचारलं, पावती-पुस्तक कुठं हाय? मी आणून दिलं. बाबांनी चष्मा लावला, एकेक अक्षर काढत पावती लिहिली, रसीद तिकीट जिभेनं ओलं करून लावलं, त्यावर सही केली, आणि फाडून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "वरच्या नळाची तोटी गळून राहिली. उद्या नवी आनतो. ते घरमालकाकडं असते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर आपल्या पैशानं तोटी आणली. महिन्याभरात ते माझ्या मुलाला घेऊन रसवंतीवर जाऊ लागले. दिवाळीच्या आधी एक दिवस झोळी भरून तयार दिसले. कुठं म्हणून विचारलं, तर गुरुकुंज मोझरीला. मिलमध्ये असताना ते दरवर्षी सोबत्यांबरोबर तिथल्या महाराजांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्याला जायचे. काम सुटल्यापासून बंद झालं होतं, गुडघे दुखतात म्हणायचे. एसटीचं अर्धं तिकीट आणि चहापाणी, एवढीच ती बाब होती. गुडघे त्यांचे आधीही ठणठणीत होते. हे मला सात वर्षं कळलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

मॅडमना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान डोलावली. पण त्यानंतर भेट झाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, बाबा भाडं घेतात ना? निवृत्तीच्या समारंभात हार घालायला गेलो, तर हारातून डोकं वर काढत तोच प्रश्न.

निवृत्त होऊन त्या अमरावतीला लेकीकडे गेल्या. पेपर तपासायला अमरावतीला गेलो की मी त्यांच्याकडे जायचो. पहिली दोन वर्षं त्या गल्लीतल्या पोरांना जमवून गणित घ्यायच्या. मग मूत्रपिंडाचं दुखणं निघालं आणि आठवड्यातून दोनदा दवाखाना सुरू झाला. शेवटच्या भेटीत त्या पलंगावर होत्या, पायावर सूज, आवाज खोल गेलेला. लेक संत्री सोलून मला देत होती, त्यांना पथ्य होतं. मी बसायच्या आत त्यांनी विचारलं, "बाबा?" मी सांगितलं की बाबांनी गेल्या महिन्यात भाडं वाढवलं. नोटीस न देता. मॅडम इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली आणि लेकीनं माझ्याकडे रागानं पाहिलं.

मग त्यांनी उशाखालून नववीचं पुस्तक काढलं. निवृत्तीनंतरच्या वर्षांचेही तक्ते त्यात चिकटवलेले होते, शेवटचा थोडा तिरका. हे तुमी घेऊन जा म्हणाल्या, नव्या माणसाला धड्यासाठी वेळ नसतो, त्याचीही चूक नाही. मी म्हटलं, मॅडम, मी मराठीचा माणूस, मला साधी वजाबाकी करताना हातच्याचा गोंधळ होतो. त्या म्हणाल्या, "वजाबाकी पोरं करतात, सर. तुमी त्यायले इचाराले शिकवा."

पोळ्याच्या आसपास त्या गेल्या. लेकीच्या अंगणात पंचशील म्हणताना मागं बघितलं, तर आमच्या शाळेची वेगवेगळ्या वर्षांची पन्नास-साठ पोरं उभी होती. काहींच्या कडेवर पोरं होती. मी रडलो, आणि लपवलं नाही.

आता जानेवारीत नववीचे ऑफ तास मी मागून घेतो. पत्रक तेच आहे, रकाने तेच. तक्ता मात्र बदलला. फेब्रुवारीत नवा तक्ता मीच शितांनी चिकटवला, आणि माझी भाताची शितं मॅडमच्या शितांइतकी धरत नाहीत हे कळलं. कर मोजायच्या नव्या रीतीत घरभाड्याची सूटच राहिली नाही. जुन्या रीतीत आहे, म्हणून पोरांना दोन्ही रीतींनी करायला लावतो.

यंदा माझं पत्रक दोन पोरींकडे होतं. त्यांनी दोन्हीकडून गणित केलं आणि सांगितलं की नव्या रीतीनं सरांचा कर शून्य येतो, भाडं धरलं काय नि न धरलं काय. मग त्यातल्या एकीनं पेन्सिल कानामागं खोचत विचारलं, "सर, सूट नाही, तं मंग तुमी भाडं काऊन देता?"

मला बोलता आलं असतं. बरंच बोलता आलं असतं. पण मी म्हटलं, सहीसाठी जाणारच आहात, तर घरमालकालाच विचारा.

बाबा आता ऐंशीला टेकलेत. पोरी येणार म्हणून त्यांनी सकाळीच दाढी केली होती आणि इस्तरीचा सदरा घालून खाटेवर पावती-पुस्तक मांडून बसले होते, असं बायकोनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पत्रक माझ्या टेबलावर आलं. घरमालकाची सही होती, अक्षरं आता खरोखर थोडी थरथरती. खाली टिपेच्या ओळीत पोरीनं आजोबांचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं होतं: 'मले मागा लागू नये, मनून तो देते. मले मागा लागत नाही, मनून मी घेतो.'

मी लाल पेन उघडलं. त्यातलं एक अक्षरही दुरुस्त केलं नाही. बाजूला बरोबरची खूण केली, एसटी खड्ड्यातून जावी तशी मोठी.